गिटारची वायर आणि अब्बांचा बेंजो

आमच्या घरात सध्या एक इलेक्ट्रिक गिटार आहे. माझ्या धाकट्याची. तो अकरावी सायन्सला आहे, रोज दिग्रसला जाऊन येतो. दोन वर्षांची ईदी, मामांनी दिलेले पैसे आणि सुट्टीत एका मोबाइलच्या दुकानात केलेलं काम, असं सगळं जमवून त्यानं अमरावतीहून ती जुनी गिटार आणली. अँप्लिफायर घ्यायला पैसे उरले नव्हते. म्हणाला, "अब्बू, अँप नको. तुमच्या लॅपटॉपला जोडतो. रेकॉर्डिंगपण होईल."

माझा लॅपटॉप कोरोनाच्या काळात घेतलेला. मुलांना ऑनलाइन शिकवायला. सकाळी उर्दूचा तास, दुपारी मराठीचा. शाळा पुन्हा भरू लागल्यापासून त्यावर प्रश्नपत्रिका टाइप करण्यापलीकडे काही होत नव्हतं. मी हो म्हणालो. मला वाटलं, एक वायर इकडून तिकडे लावायची, त्यात काय! त्या एका वायरनं पुढचे तीन महिने आमच्या घराचा ताबा घेतला, आणि माझ्याकडून वीस वर्षांपूर्वीचा एक हिशेब मागितला. दोन्ही गोष्टी सांगतो, कारण त्या एकमेकींपासून वेगळ्या करता येत नाहीत.

आधी गाव सांगायला हवं. पोहरादेवी म्हटलं की लोकांना संत सेवालाल महाराज आठवतात, रामनवमीची यात्रा आठवते. देशभरातला बंजारा समाज इथं येतो, म्हणून गावाला बंजारा काशी म्हणतात. २०२४ च्या ऑक्टोबरात इथल्या बंजारा विरासत संग्रहालयाचं उद्घाटन झालं. त्याची इमारतच नगाऱ्याच्या आकाराची आहे. म्हणजे आमच्या गावाची ओळख एक वाद्य आहे. अशा गावात माझ्या घरात मात्र वीस वर्षं एक वाद्य माळ्यावर गुंडाळून पडलं होतं. त्याच्याकडे नंतर येतो.

पहिल्या दिवशी पोरानं बाजारातून एक कन्व्हर्टर आणला. गिटारची पिन जाड असते, ६.३५ मिलिमीटरची. लॅपटॉपचं भोक साडेतीनचं. कन्व्हर्टर घातला, रेकॉर्डचं बटण दाबलं, पोरानं तार छेडली. पडद्यावर सरळ रेघ. काही नाही. पुन्हा छेडली. पुन्हा रेघ.

कारण साधं होतं, पण कळायला दोन दिवस गेले. आताच्या लॅपटॉपला हेडफोन आणि माइक मिळून एकच भोक असतं. मोबाइलच्या हेडफोनची पिन बघा, तिच्यावर तीन काळ्या रेघा दिसतील. म्हणजे चार भाग: दोन कानांचे दोन, एक माइकचा आणि एक अर्थिंगचा. गिटारच्या पिनवर एकच रेघ असते. ती पिन तिथं घातली की लॅपटॉपला वाटतं, कुणीतरी हेडफोन लावला. तो आवाज बाहेर द्यायला बसतो, आत घेत नाही. मग माइक आणि हेडफोन वेगळे करणारी एक छोटी दुतोंडी वायर आणली. आता आवाज आला. पण कसा? पत्र्याच्या डब्यात मधमाशी अडकल्यासारखा. गिटारचा आवाज दबलेला, आणि त्याच्यावर चढलेली एक घूंऽऽ.

मी भाषेचा माणूस. बीएडला पद्धती शिकलो त्या उर्दू आणि मराठीच्या. पण पोराचा चेहरा उतरलेला बघवेना, म्हणून मीही वाचायला बसलो. जे समजलं ते माझ्या शब्दांत सांगतो.

इलेक्ट्रिक गिटारच्या तारांखाली पिकअप असतो. पिकअप म्हणजे चुंबक आणि त्याच्याभोवती केसासारख्या बारीक तांब्याच्या तारेचे काही हजार वेढे. वरची पोलादी तार थरथरली की चुंबकाचं क्षेत्र हलतं आणि वेढ्यांत वीज उमटते. फॅरडेनं १८३१ साली दाखवलेला नियम, दहावीच्या पुस्तकातला. पण ही वीज फार अशक्त. आपल्याकडच्या विहिरीच्या झऱ्यासारखी समजा. झरा आहे, पाणी गोड आहे, पण वाटी वाटीनं घेतलं तरच पुरतं. त्याच्यावर पाच हॉर्सपॉवरची मोटर लावली तर दोन मिनिटांत विहीर कोरडी आणि मोटर हवा ओढते. लॅपटॉपचं माइकचं भोक ही ती मोटर. त्याचा विरोध काही हजार ओहमचा, म्हणून ते पिकअपकडून जास्त ओढून घेतं. वरचे बारीक सूर आधी मरतात, उरतो तो दबका आवाज. गिटारला हवं असतं दहा लाख ओहमच्या आसपासचं दार, जे जवळपास काहीच ओढत नाही, फक्त वाटी पुढे करतं.

अशा दारासाठी ऑडिओ इंटरफेस नावाची एक डबी मिळते. एका बाजूला गिटारची पिन, दुसऱ्या बाजूनं यूएसबीची वायर लॅपटॉपला. डबीवर गिटारचं चित्र किंवा 'इन्स्ट' असं लिहिलेलं बटण असतं. ते दाबलं की माइकचं दार गिटारचं होतं. आम्ही साडेचार हजारांची घेतली. घरात मी सांगितलं, शाळेच्या कामाची आहे. त्यात अर्धं खरं होतं.

डबी आली आणि आवाज उघडला. मोकळा, भरलेला. पोरगा हेडफोन लावून हसत होता, आणि मी बाजूला बसून ऐकत होतो ती नुसती तारांची टणटण. इलेक्ट्रिक गिटारला पोकळ पोट नसतं. वीज नसली तर ती जवळजवळ मुकी. हेडफोनच्या आत पाऊस कोसळत असतो आणि बाहेर, दोन फुटांवर, पत्र्यावर एखादा थेंब.

मला हे फार आवडलं. खरं सांगतो, गिटारपेक्षा हे जास्त आवडलं. घरात वाद्य आहे आणि नाहीही. शेजाऱ्याला कळत नाही, मशिदीतून परतणाऱ्या कुणाच्या कानावर पडत नाही, आतल्या खोलीत झोपलेल्या अब्बांनाही नाही. पोराची हौस झाली, माझी इज्जत राहिली.

'इज्जत' हा शब्द मनात आला, आणि मी थोडा चपापलो.

पुढची अडचण आली उशिराची. पोरगा तार छेडायचा आणि हेडफोनमध्ये आवाज मागून यायचा. अगदी थोडा मागून, पण वाजवणाऱ्याला तेवढंही पुरतं. म्हणाला, "अब्बू, हात पुढे जातो आणि आवाज लंगडत येतो." मला यात्रा आठवली. यात्रेत दूर उभं राहून बघितलं तर नगाऱ्यावर टिपरू पडताना आधी दिसतं आणि ठोका मागून येतो. आवाज सेकंदाला साधारण ३४० मीटर चालतो. दीडशे मीटरवर उभे असाल तर जवळपास अर्धा सेकंद जातो. हेडफोन तर कानाला चिकटलेला, मग हा उशीर कुठला?

तर कॉम्प्युटर आवाज थेंबाथेंबानं पुढे देत नाही, बादली भरली की देतो. सेकंदाला ४४,१०० नमुने मोजतो आणि ठराविक नमुने जमले की एक बादली पुढे सरकवतो. बादली १०२४ नमुन्यांची असेल तर ती भरायला २३ मिलिसेकंद. आत येताना एक, बाहेर जाताना एक, म्हणजे झाले ४६. आवाजाच्या चालीनं हिशेब केला तर आपली गिटार जणू पंधरा-सोळा मीटर लांब कुणी वाजवतंय. बादली १२८ ची केली की प्रत्येक वेळी तीनच मिलिसेकंद लागतात. वरचा थोडा खर्च धरूनही गिटार तीन-चार मीटरवर येते, आणि एवढं अंतर हाताला खटकत नाही. विंडोजमध्ये त्यासाठी डबीचा स्वतःचा एएसिओ ड्रायव्हर लावावा लागतो. सोबत आलेला नसेल तर एएसिओफोरऑल नावाचा फुकट मिळतो. बादली फार लहान केली तर जुना लॅपटॉप दमतो आणि आवाजात कडकड येते. आमचा १२८ ला दमला, २५६ ला तग धरून राहिला. रेकॉर्डिंगला आधी ऑडॅसिटी वापरलं. ते फुकट आहे आणि बोललेलं टिपायला उत्तम. पण वाजवता वाजवता अँपचा परिणाम ऐकायचा तर रीपर सोयीचं पडलं.

राहिली ती घूंऽऽ. ती जाईना. डबी बदलून पाहिली, वायर बदलून पाहिली. रात्री तर ती वाढायची.

एका संध्याकाळी मी शाळेतून आलो तर अब्बा पोराच्या पलंगावर बसलेले. कानांवर तो मोठा हेडफोन, डोळे मिटलेले. पोरगा भिंतीला टेकून अपराध्यासारखा उभा. माझ्या पोटात गोळा आला. अब्बांचं वय चौऱ्याहत्तर. पाच वक्तांचे नमाजी. मी काही बोलणार तेवढ्यात त्यांनी हेडफोन काढला आणि म्हणाले, "ये तो अर्थिंग का रोना है."

मग पोराला म्हणाले, "तारों पे हाथ रख." पोरानं पंजा तारांवर ठेवला. घूं कमी झाली. "उठा." वाढली. "चार्जर निकाल." आणखी कमी झाली. अब्बांनी मान डोलावली, जशी ते पूर्वी दुकानात डोलवायचे. "बाजे में कुछ नहीं. घर में है."

अब्बांचं रेडिओ-टेपरेकॉर्डर दुरुस्तीचं दुकान होतं. टीव्ही आला, सीडी आली, मोबाइल आला, दुकान गेलं. पण कान गेले नव्हते. वायरमन बोलावला, बोर्ड उघडला. तीन पिनच्या सॉकेटच्या वरच्या भोकाला आतून वायरच नव्हती. घर बांधलं तेव्हापासून. ज्यानं काम केलं त्यानं भोक ठेवलं आणि तार वाचवली. ती जोडून घेतली. मग अब्बा अंगणात गेले. तिथं अर्थिंगचा खड्डा होता, मीठ-कोळसा घातलेला, उन्हानं भेगाळलेला. म्हणाले, दोन बादल्या पाणी ओत. कोरडी माती वीज घेत नाही. उन्हाळ्यात अर्थिंगला पाणी पाजावं लागतं, हे मला पंचेचाळिसाव्या वर्षी कळलं.

घूं पुष्कळ गेली. राहिली ती ट्यूबलाइटची. ट्यूब बंद केली आणि गिटार लॅपटॉपपासून थोडी वळवून धरली की तीही विरायची. आपल्याकडे वीज सेकंदाला पन्नास हेलकावे खाते, आणि पिकअपचे वेढे तारांची थरथर टिपतात तसे तेही टिपतात. म्हणून तर १९५५ च्या सुमारास गिब्सन कंपनीत सेथ लव्हर यांनी दोन वेढ्यांचा पिकअप बनवला. दोघांची दिशा उलटी, त्यामुळे घूं एकमेकींना खाऊन टाकतात आणि सूर उरतो. पोराच्या गिटारला एकेरी पिकअप आहे. तिला ट्यूब बंद लागते.

हे सगळं झाल्यावर अब्बा सहज म्हणाले, "मेरे बेंजो में भी ऐसाच होता था."

खोलीत कुणी काही बोललं नाही. पोराला माहीतच नव्हतं की दादांचा बेंजो होता.

बेंजो म्हणजे आपल्याकडचा बुलबुलतरंग. लांबट पेटी, वर तारा, डाव्या हाताला टाइपरायटरसारखी बटणं, उजव्या हातात तार छेडायची पट्टी. मूळ जपानचा, १९१२ साली नागोयात गोरो मोरिता यांनी तो तैशोगोतो नावानं काढला, आणि टाइपरायटरची बटणं त्यांच्या डोक्यात होतीच. आपल्याकडे येऊन तो कव्वालीत बसला, वरातीत बसला, महाराष्ट्रात त्याच्या नावानं बेंजो पार्ट्या झाल्या. गर्दीत ऐकू यावा म्हणून त्याला पिकअप लावला गेला, आणि तो विजेचा झाला. म्हणजे यंत्र म्हणून बघाल तर पोराच्या गिटारचा सख्खा भाऊ. अमेरिकेत १९३१-३२ मध्ये जॉर्ज बोशाम्प आणि रिकनबॅकर यांनी जी पहिली विजेची गिटार बाजारात आणली तीही मांडीवर आडवी ठेवून वाजवायचीच होती. ॲल्युमिनियमची, दिसायला तव्यासारखी. आपल्याकडे सुनील गांगुलींनी सिनेमाच्या चाली अशाच आडव्या गिटारवर वाजवल्या. अब्बांकडे त्यांच्या कॅसेट होत्या.

अब्बांनी त्यांच्या बेंजोचा पिकअप स्वतः बनवला होता. जुन्या हेडफोनचं चुंबक, आणि जळालेल्या ट्रान्सफॉर्मरची सोडवलेली तार. दिवसा दुकान, रात्री पार्टी. मंगरूळपीरला दादा हयात कलंदरांचा उरूस, सैलानीची यात्रा, आजूबाजूच्या गावांतल्या शादी, तांड्यांवरची लग्नं. मी लहानपणी त्यांच्या मागे पेटीचा पट्टा धरून बसलोय. सगळे कव्वालाकडे बघायचे, मी अब्बांच्या डाव्या हाताकडे.

आता तो हिशेब.

संगीत आणि आमची माणसं, यावरून वाद जुना आहे. एकीकडे चिश्ती दर्ग्यांतला समा, अमीर खुसरो, इमाम गझालींनी आपल्या 'इह्या'मध्ये समाच्या अदबीवर लिहिलेला स्वतंत्र भाग. दुसरीकडे वाद्य नकोच म्हणणारे, तेही आपल्या आधारांसह. आमच्या नात्यातही दोन्ही बाजूंची माणसं आहेत. त्यामुळे अब्बांनी बेंजो का सोडला असं कुणी विचारलं की मी मोघम म्हणायचो, "वय झालं, दीनकडे वळले." लोकही मान डोलवायचे.

ते खरं नव्हतं. कुठल्याही मौलानांनी अब्बांचा बेंजो बंद केला नाही. मी केला.

बीएड झालं होतं. नोकरीसाठी हिंडत होतो. एका संस्थेत मुलाखत होती. सगळं बरं चाललं होतं. शेवटी समोरच्या एकानं हसत विचारलं, "तुम्ही त्या बेंजोवाल्याचे चिरंजीव ना? मग गॅदरिंगची काळजी मिटली." बाकीचेही हसले. त्यात वाईट हेतू असेलच असं नाही. ती नोकरी मला मिळाली नाही, पण ती कशानं मिळाली नाही हेही मला माहीत नाही. मी मात्र सगळा दोष त्या एका वाक्याच्या खात्यावर लिहिला. घरी आलो. अब्बा रात्रीच्या पार्टीसाठी तारा लावत होते. मी म्हणालो, "अब्बा, अब ये बंद करो. मैं टीचर बनने वाला हूँ. लोग हँसते हैं."

अब्बांनी माझ्याकडे बघितलं नाही. लावायला घेतलेली तार पूर्ण लावली. मग बेंजो अम्मीच्या जुन्या ओढणीत गुंडाळला आणि माळ्यावर ठेवला. त्या रात्रीच्या पार्टीला निरोप धाडला. त्याबद्दल एक शब्द ते कधी बोलले नाहीत. पुढे मला दुसरीकडे नोकरी लागली तेव्हा पेढे वाटायला तेच सगळ्यांत आधी बाहेर पडले.

वर्गात मी मुलांना सांगतो की कष्टाची लाज धरू नका. अनेक वर्षं सांगतोय. प्रत्येक वेळी माळा आठवतो असं नाही. माणूस स्वतःला सोयीचं विसरतो.

पोरानं विचारलं, "दादा, कुठंय तो?" अब्बांनी वर बघितलं. मी शिडी आणली. दुसरं काय करणार होतो?

ओढणी विरली होती. तारा गंजलेल्या, दोन बटणं अडकलेली, पिकअपची वायर तुटलेली. त्या रात्री जेवणानंतर आमच्या पलंगावर दुकान मांडलं गेलं. अब्बांचा हात थरथरतो, म्हणून सोल्डरिंगची कांडी पोरानं धरली आणि वायर अब्बांनी. "धुआँ नाक में मत ले. टाँका चमकना चाहिए, दाना नहीं बनना चाहिए." तारा मिळेनात, तर गिटारच्या बारीक पोलादी तारा कापून लावल्या. बटणांना शिलाई मशीनचं तेल. दोन रात्री गेल्या.

तिसऱ्या रात्री बेंजोची पिन त्याच डबीत घातली. ट्यूब बंद, पंखा बंद, खिडकी बंद. पोरानं अब्बांच्या कानांवर हेडफोन चढवला. म्हणाला, "दादा, थोडं वाजवून दाखवा, लेव्हल लावतो."

इथं ज्यांना हे घरी करायचं आहे त्यांच्यासाठी एक गोष्ट सांगतो, कारण ती आम्ही चुकलो. कॉम्प्युटरच्या रेकॉर्डिंगला एक छत असतं, शून्य डेसिबलचं. आवाज त्या खाली असेल तोवर सगळं ठीक. छताला डोकं लागलं की लाटेचा वरचा भाग कापला जातो, आणि कापलेलं परत येत नाही. कुठलंही सॉफ्टवेअर ते जसंच्या तसं देऊ शकत नाही. हळू रेकॉर्ड झालेलं नंतर मोठं करता येतं. फुटलेलं शहाणं करता येत नाही. म्हणून सगळ्यांत जोराचा फटकासुद्धा उणे बाराच्या आसपास राहील एवढीच डबीची चावी फिरवायची. आणि लेव्हल लावताना वाजवणाऱ्याच्या हळू वाजवण्यावर कधी विश्वास ठेवायचा नाही. 'वाजवून दाखवा' म्हटलं की माणूस संकोचानं वाजवतो. खरं वाजवायला लागला की दुप्पट जोर येतो.

अब्बांनी दोन-तीन सूर भीत भीत छेडले. पोरानं त्यावर चावी फिरवली. लाल बटण दाबलं.

सुरुवातीला बोटं बटणांवर अडखळत होती. एक चाल होती, उरुसात पहाटेकडे वाजवायचे ती. अर्धा मिनिट गेला आणि उजवा हात जागा झाला. मी लॅपटॉपसमोर बसलो होतो. पडद्यावरची हिरवी पट्टी पिवळी झाली, मग वरचं टोक लाल. प्रत्येक ठोक्याला लाल. पोरानं माझ्याकडे बघितलं. खुणेनं विचारलं, थांबवू? माऊस माझ्या हाताखाली होता. एक क्लिक, चावी थोडी खाली, पुन्हा सुरुवात. रेकॉर्डिंगच्या दृष्टीनं तेच बरोबर होतं.

मी मान हलवली. नको. एकदा थांबवलं होतं, तेवढं पुरे.

दोन मिनिटं चाळीस सेकंदांनी अब्बा आपोआप थांबले. हेडफोन काढला. म्हणाले, "अंतरा भूल गया." पोरगा म्हणाला, "पुन्हा घेऊ या ना दादा." अब्बा म्हणाले, "बस. उंगलियाँ नहीं रहीं." मग जरा वेळानं, "सुना तो सही."

पोरगा हेडफोन पुढे करायला लागला तर म्हणाले, "इसमें नहीं. सब सुनेंगे."

लॅपटॉपला आमच्या टीव्हीचे स्पीकर जोडले. माझी बायको ओट्यावरून हात पुसत आली. आवाज फुटलेला होता, जोराच्या जागी चरचरत होता. अब्बा त्या चरचरीसकट ऐकत होते आणि उजव्या हाताची दोन बोटं गुडघ्यावर चालत होती. उकडत होतं म्हणून बायकोनं खिडकी उघडली. मी काही बोललो नाही.

समोरच्या घरातले काका, तांड्यावरचे, आता गावात राहायला आलेले, ओसरीवर बाजेवर पडले होते. उठून खिडकीशी आले. "चाचा, बेंजो काढला काय जी पुन्हा?"

अब्बा म्हणाले, "पोरानं काढला."

कोणत्या पोरानं ते त्यांनी सांगितलं नाही.

काका म्हणाले, "माह्या लग्नात वाजवला व्हता तुमी. रातभर. आमचा नगारा अन् तुमचा बेंजो." आणि बायकोला हाक मारायला परत गेले, "ऐक वं, चाचा वाजवून राह्यले."

वीस वर्षं मी समजत होतो की गाव अब्बांच्या बेंजोला हसतं. एका खोलीतली चार-पाच माणसं हसली होती. गावाला मी विचारलंच नव्हतं.

ती फाइल आहे. पोरानं नंतर ती दुरुस्त करायचा पुष्कळ प्रयत्न केला. चरचर थोडी कमी होते, पण मग ठोकाही कमी होतो. म्हणून मूळ तशीच ठेवली, पेनड्राइव्हवर आणखी एक प्रत काढून. त्यानंतर अब्बांनी अजून दोनदा वाजवलं, दोन्ही वेळा चावी नीट लावून घेतली आणि आवाज स्वच्छ आला. पण घरात ऐकायला कुणी काढलं तर पहिलीच फाइल काढतात.

बेंजो आता माळ्यावर नाही. पोराच्या टेबलाशेजारी गिटारच्या खाली असतो. आणि रोज शाळेला निघण्याआधी मी अर्थिंगच्या खड्ड्यात एक बादली पाणी ओततो. अब्बा दारातून बघत असतात. एखाद्या दिवशी विसरलो तर विचारतात, "पानी डाला?"